काशीच्या धर्मशाळेतील चार खोल्या आणि गेलेले ३९,६४८ रुपये

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी ३ वाजून २६ मिनिटे ते ४ वाजून २२ मिनिटे या सुमारे तासाभरात माझ्या खात्यातून चार व्यवहारांत ३९,६४८ रुपये गेले. हे पैसे मी स्वतः, माझ्या हाताने, माझा पिन टाकून पाठवले. पुण्यातल्या एका कंपनीच्या लेखा विभागात एकतीस वर्षे काम करून मी निवृत्त झाले आहे, त्यामुळे हे लिहिताना किती लाज वाटते ते शब्दांत सांगणे कठीण आहे. तरीही लिहीत आहे, कारण काशी, गया, प्रयाग अशा ठिकाणी धर्मशाळा शोधणारी आपल्याकडची बहुतेक माणसे माझ्याच वयाची असतात आणि माझ्यासारखीच भ्रमणध्वनीवर शोध घेऊन, दिसलेला पहिला क्रमांक फिरवतात.

भाऊबीजेला आम्ही चारही भावंडे आपापल्या जोडीदारांसह कोथरूडला थोरल्या भावाकडे, आप्पांकडे, जमलो होतो. आईवडिलांचे तीर्थश्राद्ध काशीला करायचे, हे कित्येक वर्षे राहून गेले होते. आप्पा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, म्हणून आणखी लांबवायचे नाही असे त्याच दिवशी ठरले. रेल्वेचे आरक्षण आता साठच दिवस आधी मिळते, त्यामुळे लगोलग पुणे–बनारस ज्ञानगंगा एक्सप्रेसची डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आठ तिकिटे काढली. राहण्याची व्यवस्था माझ्याकडे आली आणि प्रत्येकाने माझ्याकडे ५,००० रुपये जमा केले. एकूण ४०,००० रुपये. घरात पैशाचा हिशेब नेहमी मीच ठेवत आले आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आले. त्याच कामात माझ्याकडून हे घडले.

आम्ही स्वस्ताईच्या मोहाने फसलो असे कोणी म्हणू नये, म्हणून धर्मशाळाच का शोधत होतो तेही सांगते. आमचे आईवडील १९७८ साली काशीला गेले होते, तेव्हा गोदौलियाच्या आतल्या बाजूच्या एका जुन्या धर्मशाळेत उतरले होते. वडिलांच्या वहीत तिचे नाव आणि रोजच्या खर्चाची नोंद आहे. तिथेच उतरायचे, अशी आप्पांची इच्छा होती. शिवाय घाट जवळ हवा, जेवण कांदा-लसणाशिवाय हवे आणि आप्पांच्या गुडघ्यांमुळे तळमजल्यावरची खोली हवी. या गोष्टी हॉटेलात मिळतीलच असे नाही, धर्मशाळेत मागता येतात.

त्या धर्मशाळेचे नाव टाकून शोध घेतला, तर सगळ्यात वर तिच्याच नावाचे संकेतस्थळ दिसले. त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते, हे मला आता माहीत आहे, तेव्हा माझी नजर त्यावरून पुढे गेली. आत चौकाची छायाचित्रे होती, आंघोळीच्या गरम पाण्याच्या वेळा होत्या, आधार कार्डाची प्रत अनिवार्य, मद्यपान आणि मांसाहार निषिद्ध, रात्री दहानंतर दरवाजा बंद, असे सगळे नियम होते. धर्मशाळेच्या भिंतीवर रंगवलेले असतात तसेच नियम वाचून माझा विश्वास बसला. लुबाडणारा माणूस इतकी शिस्त लिहून ठेवेल, असे माझ्या मनातही आले नाही. खोलीचे भाडे दिवसाला ७०० रुपये होते. हा आकडाही धर्मशाळेला शोभेल असाच होता, फार कमी असता तर मी नक्की थांबले असते.

क्रमांक भ्रमणध्वनीचा होता. काशीचा स्थानिक क्रमांक ०५४२ ने सुरू होतो आणि जुन्या संस्थांच्या पावत्यांवर बहुधा तोच छापलेला असतो. संकेतस्थळावर असा एकही क्रमांक नसेल तर तिथेच थांबा.

पलीकडचा माणूस मराठीत बोलला. “नमस्कार मावशी, पुण्याहून का? आमचं मूळ साताऱ्याकडचं, पणजोबा ब्रह्मघाटावर येऊन राहिले ते तिथलेच झाले.” ब्रह्मघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत, हे मला ठाऊक होते, त्यामुळे त्याच्या मराठीतला हिंदी हेलसुद्धा खरेपणाचा पुरावा वाटला. त्याने आप्पांच्या गुडघ्यांची चौकशी केली, तळमजल्यावरच्या खोल्या देतो म्हणाला, तीर्थश्राद्धासाठी गुरुजी ठरले आहेत का असेही विचारले. माझे काम काय होते तेही बोलता बोलता विचारून घेतले आणि मी ते सांगितले. त्या माहितीचा त्याने पुढे कसा उपयोग केला ते ओघात येईलच.

चार खोल्या, तीन रात्री, ७०० रुपयांप्रमाणे ८,४०० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटीचे १,५१२ रुपये लावून त्याने ९,९१२ रुपयांचा तपशील व्हॉट्सॲपवर पाठवला.

मी थांबायला हवे होते ते इथे. ज्या आकड्यांवर माझे सगळे आयुष्य गेले ते समोर दिसत असताना मी पुढे गेले, म्हणून या जागेपाशी मन अजून अडते. अठरा टक्के हा दर दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा महाग खोल्यांचा आहे. त्याखालच्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के कर आहे, आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने धर्मस्थळाच्या ठिकाणी चालवलेल्या, दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोलीवर कर लागतच नाही. सराया आणि धर्मशाळांच्या कराचा वाद २०२२ साली झाला तेव्हा मी नोकरीत होते, तेव्हाचे सरकारी स्पष्टीकरण मी स्वतः वाचून सहकाऱ्यांना समजावून सांगितले होते. तपशील हातात आल्यावर मला तो आकडा खटकला. मी त्याला विचारलेही. तो म्हणाला, “मावशी, सॉफ्टवेअर लावतंय, इथं आल्यावर मुनीमजी रोखीनं परत देतात.” कर रोखीने परत मिळत नाही, हे मला कळत होते. तरी मी गप्प बसले, कारण १,५१२ रुपयांसाठी वाद घालून तळमजल्याच्या खोल्या हातच्या जातील अशी भीती वाटली.

दुसरी जागा पैसे पाठवतानाची. पिन टाकण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचे बँकेतले नाव दिसते. तिथे संस्थेचे नाव नव्हते, एका खासगी व्यक्तीचे नाव होते. आयुष्यभर धनादेशावरचे घेणाऱ्याचे नाव दोनदा वाचल्याशिवाय मी तो सहीसाठी पुढे पाठवला नाही, आणि इथे नाव वाचूनही पुढे गेले. त्याने आधीच सांगून ठेवले होते की संस्थेचे खाते लेखापरीक्षणामुळे महिनाभर बंद आहे, म्हणून नाव मुनीमजींचे दिसेल. शंका मनात येण्याआधीच तिचे उत्तर तयार ठेवणे, ही या लोकांची खरी हातोटी आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा: धर्मादाय संस्था पैसे संस्थेच्याच नावावर घेते, कोणत्याही कारणाने माणसाच्या नावावर घेत नाही. वेगळे नाव दिसले की पुढचे काहीही ऐकू नका.

पहिला व्यवहार निम्म्या रकमेचा, ४,९५६ रुपयांचा. पंधरा मिनिटांनी त्याने सांगितले की गर्दीच्या दिवसांत पूर्ण रक्कम भरल्याशिवाय पावती निघत नाही, म्हणून आणखी ४,९५६ रुपये. मग, रक्कम दोन हप्त्यांत आल्यामुळे आरक्षण अडकले आहे, ९,९१२ रुपये एकरकमी भरा, आधीचे लगेच परत येतील. हेही मी भरले, कारण तोवर ९,९१२ रुपये गेलेले होते आणि ते सुटावेत एवढेच डोक्यात होते. हे सगळे होईपर्यंत त्याने दूरध्वनी एकदाही ठेवू दिला नाही. एकूण बहात्तर मिनिटे तो बोलत होता. मधे धाकट्या बहिणीचा दोनदा फोन आला, तो मला घेता आला नाही. तो घेतला असता तर कदाचित तिनेच मला थांबवले असते.

चौथ्या वेळी तो म्हणाला, “मावशी, तुम्ही अकाउंट्समधल्या, तुम्हाला लगेच कळेल. आता फक्त उलट नोंद करायची आहे.” एकूण परतावा १९,८२४ रुपये, तोच परताव्याचा संकेतांक, तो रकमेच्या रकान्यात टाकायचा, खाली ‘रिफंड’ असे लिहायचे आणि पिन टाकायचा, म्हणजे नोंद उलटी होऊन पैसे परत जमा होतात. उलट नोंद हा माझ्या रोजच्या कामातला शब्द. चुकीची जमा-नावे दुरुस्त करायला मी अशा नोंदी हजारो वेळा केल्या आहेत. तो शब्द ऐकून मला सगळे नियमात बसते आहे असे वाटले, आणि १९,८२४ रुपये गेले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. हे घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला आजच सांगा. त्यांना माहीत असेल असे गृहीत धरू नका, मलाही ते माहीत होते.

भावंडांनी दिलेल्या ४०,००० रुपयांपैकी ३५२ रुपये उरले.

त्यानंतर तो म्हणाला की दुसरा शनिवार असल्याने बँका बंद आहेत, परतावा सोमवारी सकाळी अकरापर्यंत येईल. हेही मला पटले, कारण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात हे खरेच आहे. रविवारी सकाळी त्याने व्हॉट्सॲपवर काशी विश्वनाथाचे छायाचित्रही पाठवले. तो दिवस नेमका निवडलेला होता, असे आता माझे ठाम मत आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि पुढे तिसऱ्यात जायला काही तास पुरतात, आणि त्यांना रोखायचे असेल तर ते पहिल्याच तासांत रोखावे लागतात. “चोवीस तास थांबा” किंवा “सोमवारपर्यंत थांबा” हे वाक्य ऐकले की थांबू नका, त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवा. तो सुटीच्या दिवशीही चालतो.

मला तो क्रमांक सोमवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास कळला, आणि तोही भाचीकडून. त्या सकाळी सव्वाअकरा वाजता त्या माणसाचा फोन बंद लागला, तेव्हा मी रिक्षाने थेट माझ्या बँकेच्या शाखेत गेले. टोकन घेऊन चाळीस मिनिटे बसले. पहिल्या खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवले, दुसरीने अधिकाऱ्यांकडे, आणि अधिकारी जेवायला गेले होते. ते आल्यावर माझे म्हणणे पूर्ण ऐकून न घेता म्हणाले, “पिन तुम्हीच टाकलाय ना? मग यात बँक काय करणार?” मी मान्य केले की पिन मीच टाकला. ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मी नंतर वाचले. ग्राहकाने स्वतः दिलेल्या पैशांची भरपाई बँकेने करावी असा त्याचा अर्थ होत नाही, आणि मी भरपाई मागतही नव्हते. ज्या खात्यांत पैसे गेले त्या बँकांना ताबडतोब कळवा, एवढीच माझी विनंती होती. त्यावर मला एक छापील अर्ज दिला गेला, त्यात एक रकाना चुकला म्हणून दुसरा दिला गेला, आणि निवृत्तिवेतनाच्या पुस्तकाची छायांकित प्रत आणायला सांगितले गेले. जवळपास दोन तास मी त्या शाखेत होते. तेवढ्या वेळात तिथल्या एकाही माणसाने “आधी १९३० वर फोन करा” हे एक वाक्य उच्चारले नाही. याच बँकेकडून ओटीपी कोणाला देऊ नका असे संदेश मला दर आठवड्याला येतात. ज्याचे पैसे गेले आहेत तो माणूस प्रत्यक्ष समोर उभा असताना त्याला काय सांगायचे, हे मात्र त्यांच्या कर्मचाऱ्यांना कोणी शिकवलेले नाही.

शेवटचा व्यवहार होऊन शेहेचाळीस तास उलटल्यावर माझी तक्रार १९३० वर नोंदली गेली. पुढे कळले की एका खात्यात २,१५० रुपये उरले होते, तेवढे गोठवले गेले. बाकीचे त्याआधीच निघून गेले होते.

मंगळवारी मी घराजवळच्या पोलीस चौकीत गेले. तिथून ठाण्यात जा म्हणून सांगितले. ठाण्यात एका हवालदारांनी माझी सगळी हकिकत उभ्यानेच ऐकली, मग म्हणाले की धर्मशाळा काशीची आहे, तक्रार तिकडे करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे मी घरी येऊन वाचले, दुसऱ्या दिवशी त्याची प्रत घेऊन पुन्हा गेले. मग सांगितले गेले की एवढ्या रकमेसाठी गुन्हा नोंदवला जात नाही, तक्रार अर्ज द्या. अर्ज आणि गुन्हा यांतला फरक आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतो. अर्जावर पोच मिळते, पण तपास सुरू होईलच असे नाही. मी प्रथम खबरी अहवालाचा, म्हणजे एफआयआरचा, आग्रह धरला. तोतयेगिरी करून फसवणूक करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खालचा गुन्हा आहे, आणि संगणकीय साधनाने केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड लागते, हेही सांगितले. त्यावर एक अधिकारी सर्वांसमक्ष म्हणाले, “एवढं शिकलेल्या आहात तर पैसे पाठवायच्या आधी वाचायचं होतं.” समोर बसलेले दोघे तिघे हसले. मी एकसष्ट वर्षांची आहे. कोणत्याही कार्यालयात इतक्या अपमानाने मला कधी बसावे लागले नव्हते. माझी चूक मी या लेखात कबूल केली आहे आणि तिथेही कबूल केली होती. चूक माझी असली म्हणून त्याचा गुन्हा नाहीसा होत नाही. त्याचा क्रमांक माझ्याकडे होता, घेणाऱ्याचे नाव होते, चारही व्यवहारांचे क्रमांक होते, आणि या सगळ्याच्या आधारावर कोणी एक फोन केल्याचे माझ्या समोर तरी झाले नाही. चौथ्या फेरीनंतर गुन्हा नोंदला गेला.

यात्रेकरूंना खोट्या आरक्षणांतून लुबाडले जाते, हे सरकारला माहीत नाही अशातला भाग नाही. गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्येच चारधाम यात्रा, केदारनाथचे हेलिकॉप्टर आणि अतिथीगृहे यांच्या खोट्या संकेतस्थळांबद्दल जाहीर इशारा दिला होता. इशारा देऊन सात महिने झाल्यावरही तशीच जाहिरात शोधयंत्राच्या माथ्यावर पैसे घेऊन दाखवली जात होती. मी त्या कंपनीकडे दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा एकाच मजकुराचे उत्तर आले आणि जाहिरात पुढे नऊ दिवस तशीच होती. ज्या बँकांनी ही भाड्याची, म्हणजे लुबाडणारे दुसऱ्याच्या नावावर वापरतात ती, खाती उघडली त्यांनी कोणाची ओळख तपासली होती, हेही मला कोणी सांगितलेले नाही. संशयित क्रमांकाची नोंद दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सोयीत करता येते. तीही मी केली. तुम्हाला फसवले गेले नसेल आणि नुसता संशय आला असेल, तरी ती नोंद करा.

यात्रा आम्ही रद्द केली नाही. मी माझ्या मुदतठेवीतून ४०,००० रुपये पूर्ण केले आणि सगळ्यांना झालेला प्रकार सांगितला. आप्पा काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. बनारसला उतरून आम्ही आधी काहीही न ठरवता त्याच धर्मशाळेत गेलो. ओसरीवर लाकडी मेजामागे खरे मुनीमजी बसले होते, समोर लाल कापडी पुठ्ठ्याची नोंदवही. ते म्हणाले की इथे आगाऊ पैसे घेण्याची पद्धतच नाही, जो आधी येईल त्याला खोली. आधार कार्डे पाहून, ५०० रुपये अनामत घेऊन आणि कार्बन घातलेल्या पुस्तकातून पावती फाडून त्यांनी आम्हाला ६५० रुपये भाड्याच्या तीन खोल्या दिल्या. त्यांतली एक तळमजल्यावरची होती. कराचा एक पैसाही लावला नाही. आत चौकातल्या फळ्यावर हिंदीत सूचना होती की आमचे कोणतेही संकेतस्थळ नाही, कोणालाही पैसे पाठवू नका. ती सूचना घरून निघण्याआधी यात्रेकरूला कशी दिसणार, असे मी त्यांना विचारले. त्यांनी हात जोडले. पुण्याच्या किंवा कुठल्याही माणसाने काशीच्या धर्मशाळेची खात्री करायची असेल, तर आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांना किंवा नुकतेच जाऊन आलेल्या माणसाला विचारावे, आणि तिथली जुनी पावती मिळाली तर तिच्यावरचा क्रमांक फिरवावा. आमच्या गुरुजींचा क्रमांक माझ्याकडे ऑक्टोबरपासून होता. त्यांना एक फोन केला असता तर त्यांनी एका मिनिटात सांगितले असते.

बँकेने माझ्या लेखी तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, म्हणून मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. यासाठी शुल्क नाही, १४४४८ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते, आणि बँकेला दिलेल्या अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी लागते. गोठवलेले २,१५० रुपये अजून त्याच खात्यात आहेत. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणावा लागेल असे मला ठाण्यात सांगितले आहे. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता पुन्हा बोलावले आहे, आणि येताना बँकेच्या खात्याचा शिक्क्यासह उतारा आणायला सांगितला आहे. तो मी याआधी दोनदा दिलेला आहे.